मधात माणूस पाहिजे

किटली अगदी कोपराशी असली तरी भोयरसर स्वतःचा चहा स्वतः ओतत नाहीत. मला सांगतात. "थेट हात घालाचा नाही पोरी, मधात माणूस पाहिजे." लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात तो मधला माणूस म्हणजे मी.

आम्ही जिनिंगच्या वजनकाट्यांसाठी प्रोग्राम लिहितो. कापसाची गाडी आली, वजन झालं, पावती निघाली. सरांनी तो जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिला तेव्हा मी शाळेत होते. यंदा मालक म्हणाले, हंगामाआधी सगळं पायथनमध्ये हवं, नाहीतर काम नागपूरला जाईल. सर नुसते हसले. "जमीन पाहून पेरा लागते. होते बाप्पा!"

पेरलं मात्र जुनंच. पावती छापायला एक क्लास, म्हणजे कोडचा वेगळा साचा, तो तयार करायला दुसरा, दुसऱ्याला परवानगी द्यायला तिसरा. एका पावतीसाठी अकरा फायली! मी तेच काम सहा ओळींत करून दाखवलं. वाटलं, आता चिडणार. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून दोनदा वाचलं.

"काहून वं, इथं फंक्शनच उचलून हातात देता येते? मंग मी एवढी वरात कायले काढून राह्यलो?"

दुपारपर्यंत नऊ फायली उडाल्या. स्वतःचं लिखाण इतक्या आनंदानं खोडणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

अडले ते एकाच ठिकाणी. चुकलेली नोंद मागे घ्यायचं एक बटण होतं, आणि त्याच्यामागे जुन्या पद्धतीचा भलामोठा पसारा. दिवस थोडे उरले होते. मी म्हटलं, "सर, हे काढूनच टाकू."

"ते नाही निघत."

दोन दिवस डोकं खाजवून त्यांनीच वाट काढली. प्रत्येक कामासोबत त्याचं उलटं काम करणारं छोटं फंक्शन यादीत ठेवायचं. पसारा गेला, बटण राहिलं.

चाचणीला घाटंजीच्या जिनिंगवर गेलो. काट्यावरच्या शोभाताईंनी घाईत एका गाडीचं वजन दुसरीवर चढवलं. मॅनेजर तोंड उघडणार तोच त्यांनी बटण दाबलं. वजन जागेवर आलं. मॅनेजरनं पसंती दिली आणि आमचं काम वाचलं.

परतताना एसटीत मी विचारलं, "त्या बटणासाठी एवढा हट्ट का, सर?"

"पहिले या काट्यावर मही बायको बसे. तिचं असंच एक वजन चुकलं. चारचौघांत लय बोलणी खाल्ली तिनं. म्या लिहिलेल्या प्रोग्राममधी मागं फिराची सोयच नोती." सर खिडकीबाहेर पाहत होते. "आठ दिवसांत बटण केलं म्या. पण ती काही पुन्हा काट्यावर बसली नाही."

तेच बटण काढून टाकू असं मी म्हणाले होते, याची मला फार लाज वाटली.