मरायला तयार नसलेलं यीस्ट

सलग तिसऱ्या आठवड्यातही यीस्ट मेलं नाही, तेव्हा प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या ताईच्या डोक्याची शीर तडतडायला लागली.

दोन फ्लास्क होते. एकात साधं यीस्ट, दुसऱ्यात एक जनुक काढून टाकलेलं. दोन्हींत ॲसेटिक आम्ल घातलं की साध्या पेशींनी आपणहून मरायचं आणि दुसऱ्यांनी तगायचं. म्हणजे मरणाचा हुकूम त्या जनुकातूनच सुटतो, हे सिद्ध. पण इथे दोन्ही फ्लास्क ठणठणीत!

"तुझ्या हातालाच काहीतरी झालंय," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. "शुक्रवारी काम तपासायला समिती येतेय. काय दाखवणार, यीस्टची तब्येत?"

ताईने आम्लाची नवी बाटली मागवली. त्यापायी भांडारपालाशी वाजलं. नवं यीस्ट आणलं. मग शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीवर संशय घेतला. तिने बोलणंच टाकलं. घरी नवऱ्याने "मेलं का गं?" एवढंच विचारलं, तर त्याच्यापुढे ताट आपटलं. यीस्ट मात्र मजेत.

शेवटी बुधवारी सकाळी सातलाच येऊन ती कपाटाआड दबा धरून बसली. साडेसातला प्रयोगशाळेचे शिपाईमामा आले. त्यांनी केर काढला, हात धुतले, खिशातून पुडी काढली आणि साध्या यीस्टच्या फ्लास्कात पांढरी पूड टाकली. फ्लास्क फसफसला.

"मामा! काय घातलंत ते?"

मामा दचकले, पण डगमगले नाहीत. "खायचा सोडा. ॲसिडिटीला मीसुद्धा हाच घेतो."

"यीस्टला ॲसिडिटी?"

"तुम्हीच नाही का सांगितलंत, आम्लामुळे बिचाऱ्या पेशी जीव देतात म्हणून? रोज डोळ्यांदेखत कसं बघवेल?"

"मग दुसऱ्या फ्लास्कात का नाही टाकलात?"

"त्या मरत नाहीत म्हणालात. धडधाकटांना औषध कशाला?"

ताईने कपाळावर हात मारला. माणूस तर्काला पक्का, हेच तर दुखणं! हातापाया पडून तिने पुडी काढून घेतली आणि प्रयोग नव्याने लावला.

शुक्रवारी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावताच ती किंचाळली, "मेल्या! मामा, मेल्या!"

"सगळ्या?"

"शंभरातल्या नव्वद!"

समिती खूश झाली. सरांनी पाठ थोपटली. दुपारी मामा चहाचा ट्रे घेऊन सगळ्यांपाशी गेले, फक्त ताईचं टेबल ओलांडून पुढे निघाले.

"मामा, मला?"

"आपल्या हाताने घ्या," मामा न वळता म्हणाले. "आज माझ्याने नाही व्हायचं."

ताई गुपचूप उठली.