वाचलेला वेळ

नवरा खोकं घेऊन स्वयंपाकघरात शिरला तेव्हाच सूनबाईने कपाळावर हात मारला. आजवर तिचे कष्ट कमी करायला त्याने जे जे आणलं, त्याने कष्ट वाढलेच होते.

“कॉफीसाठी विजेचा ग्राइंडर! तुझं ते हाताने फिरवायचं यंत्र समोरच्या वहिनींना देऊनही टाकलं.”

“मला न विचारता?”

“विचारायचं काय त्यात? रोज सकाळी पाव तास घरघर करत बसायचीस.”

अहो, त्या पाव तासावरच तर ती बाई जगत होती! हातात यंत्राचा दांडा असेपर्यंत घरात तिला कुणी हाक मारत नसे. दांडा थांबला रे थांबला की सासूबाईंचे गुडघे आणि नवऱ्याचे मोजे एकदम तिच्या नावाने बोंबलायला लागत. म्हणून ती मुद्दाम सावकाश फिरवायची.

ग्राइंडरने काम अर्ध्या मिनिटात उरकलं. झाकण दाबून धरायचं, की पातं सुसाट सुटायचं. अर्ध्या बियांचं पीठ झालं, अर्ध्यांचे नुसतेच तुकडे. पिठाने गाळणी तुंबली आणि तुकड्यांतून चव उतरेना.

“बघ, किती वेळ वाचला! आता माझा शर्ट इस्त्री कर,” नवरा म्हणाला.

“आणि माझे गुडघे चोळ,” आतून सासूबाई.

थांबा म्हणावं, अशी कॉफी पाजते की जुनं यंत्र स्वतःच मागून आणाल! दुसऱ्या दिवशी तिने झाकण दाबलं ते सोडलंच नाही. ग्राइंडर तापला, पुडीला करपट वास सुटला, आणि कॉफी उतरली ती कडू जहर. दोघांपुढे कप ठेवून ती वाट बघत उभी राहिली.

सासूबाईंनी घोट घेऊन डोळे मिटले. “अगं बाई! इतक्या वर्षांत आज कॉफी प्यायल्यासारखं वाटलं. आजवर नुसतं गरम पाणीच पाजत होतीस की!”

“मशीन ते मशीन,” नवऱ्याची छाती फुगली.

करायला गेले काय नि झालं काय! रडकुंडीला आलेली सूनबाई ग्राइंडर उचलून तडक समोरच्या दारात गेली. आतून तीच ओळखीची घरघर येत होती, अगदी सावकाश.

“वहिनी, माझं यंत्र परत द्या हो. त्याबदल्यात हा नवा घ्या, अर्ध्या मिनिटात कॉफी दळून होते.”

शेजारणीने यंत्र पोटाशी घट्ट धरलं. “आमच्याकडे कॉफी कुणी पीत नाही.”

“मग दळताय काय?”

“काही नाही, रिकामंच फिरवतेय,” शेजारीण कुजबुजली. “हे आल्यापासून सकाळी मला कुणी हाक मारत नाही.”

आणि तिने हळूच दार लावून घेतलं.