अण्णा मागची बाजू बघतात

नरसय्या अण्णांच्या हातात काहीही द्या, ते आधी उलटं करतात. चहाची बशी, लग्नपत्रिका, वाढदिवसाला दिलेला शर्ट. एकदा आमच्याकडे पाहुण्यांचं तान्हं बाळ आलं होतं, तर त्यालाही त्यांनी पालथं करून न्याहाळलं आणि म्हणाले, "पास!" बाळाच्या आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

अण्णांनी आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात चेकरचं काम केलं. "समोरनं सगळंच चांगलं दिसतंय की. मागनं बघाय लागतंय," हे त्यांचं पालुपद. आता ते जुळे सोलापुरात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात आणि तपासायला चादरी नाहीत म्हणून आम्हाला तपासतात.

गेल्या वर्षी गच्चीवरची टाकी साफ करताना मी शिडीवरून पडलो आणि कमरेजवळचा मणका मोडला. पुन्हा वर्गात उभा राहून शिकवू शकेन की नाही, या विचाराने माझी झोप उडाली होती. डॉक्टर म्हणाले, "लहान छेदांतून स्क्रू बसवू. पाठ उघडायची गरज नाही."

सोबत आलेल्या अण्णांनी एक्स-रे उलटा करून उजेडात धरला. "न उघडता? डॉक्टरसाहेब, मी माडीवरनं पडलो तवा माजी पाठ सगळी उघडली हुती की!"

डॉक्टर हसले. "तुमच्या वेळी हाडाचा तुकडा नसांवर दाब देत असणार. तसं असलं तर बहुतेक वेळा उघडावंच लागतं. सरांचं तसं नाही. लहान छेदांत रक्त कमी जातं, स्नायू कमी दुखावतात, माणूस लवकर उठतो. हाड जुळायला मात्र वेळ तेवढाच लागतो."

माझी बायको तरीही घाबरलेलीच. मग अण्णाच तिला म्हणाले, "ताई, असं बगा. एक धागा तुटला तर आमी सुईनं जोडून घेतो. आख्खी चादर उसवत न्हाय. आत गुंता झाला तरच उसवायचं. माजा गुंता हुता. सरांचा निस्ता धागा हाय." त्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली आणि मी ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

ऑपरेशन नीट झालं. पाठीवरच्या इवल्याशा पट्ट्या बघून अण्णा मात्र हिरमुसले. "एवढंच? ह्यात तपासायचं काय?"

घरी आल्यावर बायको कामाला गेली की ते रोज यायचे आणि मला जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत चालवायचे. स्वतः मागे, दोन्ही हात पुढे धरून. मला ते दिसायचे नाहीत, पण त्यांच्या चपलांचा आवाज ऐकला की पाय आपोआप पुढे पडायचा. आज मी वर्गात उभा राहतो, त्यात डॉक्टरांइतकेच अण्णाही आहेत. देवाने असा शेजारी दिला, याचं मला अजून नवल वाटतं.

मागच्या आठवड्यात मी एकटाच खाली जाऊन दूध घेऊन आलो. अण्णा दारातच उभे होते. "पास!" म्हणाले. एकदम माझ्याकडे पाठ करून त्यांनी शर्ट वर केला. सगळ्यांच्या पाठी तपासणाऱ्या या माणसाची पाठ मी पहिल्यांदाच बघत होतो. मधोमध ऑपरेशनचा लांब वण होता.

"सर, माजी कशी हाय आता?"

"एकदम सरळ रेघ, अण्णा."

"खोटं बोलताय. खाली जरा वाकडी हाय. आमची ही रोज तेल लावताना सांगायची." शर्ट तसाच धरून ते उभे होते. "ती गेल्यापासनं मागनं कुणी बगितलंच न्हाय."

मी आत जाऊन खोबरेल तेलाची बाटली आणली. वण खाली खरंच जरा वाकडा होता. तिथूनच सुरुवात केली.