पक्का निकाल घरी

बन्सी पाण्याला गुण देतो. दहापैकी. कुणाच्या शेतात सायकल टेकवली, विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी ओंजळीनं प्याला, की डोळे मिटून उभा राहतो आणि सांगतो, "सहा." शेतकरी बघतच राहतो. कुणी विचारलंच, की बाबा चार गुण कुठं गेले, तर म्हणतो, "हा कच्चा निकाल. पक्का निकाल घरी लागतो."

चिकलठाण्यात त्याची माझी भिंतीला भिंत आहे. तीस वर्षं कंपनीत लेथवर होता. रिटायर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी डबा न घेता त्याच काळ्या सायकलवर निघाला, तो पार करमाडच्या पुढं जाऊन आला. तेव्हापासून दर रविवारी हेच. एकदा सोयगावला गेला. दोन दिवसांनी काळाठिक्कर पडून आला. मी म्हटलं, कसं होतं रे सोयगाव? म्हणाला, "साडेसात."

इथं नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाय, लोक टँकरवाल्याच्या मागं पळतात, आणि हा माणूस पाण्यात खोट काढत हिंडतो.

प्रत्येक फेरीतून एक बाटली घरी येते. ती गिरजावहिनीसाठी, म्हणजे त्याच्या बायकोसाठी. कंबर गेली म्हणून ती चार वर्षं खाटेवर आहे. गाडीचे धक्के सोसत नाहीत, म्हणून कुठं नेता येत नाय. ते पाणी ती चमच्यानं पिते. मला हे खूळ वाटायचं. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण पाणी ते पाणी एवढं मला कळतं.

मागच्या मार्गशीर्षात तो म्हणाला, "दादा, रविवारी धामणवाडीला जायचंय." धामणवाडी म्हणजे वहिनीचं माहेर, वेरूळच्या पुढं सात-आठ किलोमीटर. तिच्या भावाशी याची बोलचाल बंद होती, म्हणून तेवढं गाव राहिलं होतं. पण आता वहिनीनं तोंड उघडून मागितलं होतं. एकदा आमच्या विहिरीचं आणा म्हणाली.

मी म्हटलं, मी पण येतो.

"तुमच्यानं नाय व्हायचं, दादा."

मग तर जाणंच आलं.

पहाटे निघालो. दौलताबादचा घाट मी सायकल ढकलत चढलो, ते गुडघे मोकळे करायला. बन्सी पुढं जाऊन थांबायचा आणि मी पोचलो की लगेच पायडल मारायचा. म्हणजे विसावा त्याला, मला नाय. खुलताबादच्या आसपास अद्रकीची शेतं हिरवीगार होती. वेरूळच्या पुढं कापसाची वेचणी चाललेली. हा प्रत्येक टोळीला घंटी वाजवायचा. एक बाई ओरडली, "म्हातारबा, घरून हाकललं का?"

"पाणी तपासायला निघालो, बाई."

"सरकारी मानूस व्हय?"

"नाय. घरचा."

धामणवाडीत मेव्हणा विहिरीवरच होता. दोघं एकमेकांना सोडून सगळीकडं बघत होते. शेवटी मेव्हणा मला म्हणाला, "दाजींना सांगा, दोर तिथं हाय." बन्सीनं पाणी शेंदलं, बाटली भरली, ओलं फडकं गुंडाळून हँडलला बांधली. विहिरीच्या काठाला चिंचेचं भलंमोठं खोड होतं, ताजं कापलेलं. बन्सी त्याच्याकडं बघत राहिला. मेव्हणा पुटपुटला, "वायरीला लागत व्हती. तोडावी लागली."

वाटेत बन्सी एवढंच म्हणाला, "चिंचेचं घरी बोलायचं नाय. तिचा झोका तिथं व्हता." स्वतः पाणी चाखायला तो विसरला होता.

वेरूळहून खुलताबादचा चढ लागला आणि माझ्या बाटलीतलं पाणी संपलं. वर पोचलो तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली. बन्सी चेन बघायला खाली बसला होता. समोर फडक्यातली गार बाटली. मी सोडली आणि प्यालो. थोडं ठेवायचं मनात होतं. राहिलं नाय.

तो उठला. बाटली उलटी करून पाहिली.

"कसं लागलं, दादा?"

"पाण्यासारखं."

"मग काय उपेग," असं म्हणून त्यानं सायकल वळवली.

मी म्हटलं, इथंच हॉटेलात भर की, कुणाला कळणार हाय? तर म्हणाला, "तिला कळतं." आणि उतारावरून गेला. ते बारा किलोमीटर पुन्हा, त्या मेव्हण्याच्या तोंडापुढं पुन्हा, आणि तो चढ पुन्हा.

मला टेम्पो मिळत होता. दोनदा मिळत होता. मी चहाच्या टपरीवर बसून राहिलो. माफी मागायची मला सवय नाय, बसायची आहे. तो आला तेव्हा ऊन कललं होतं. बाटली शर्टाच्या आत, छातीशी धरलेली. मागं कॅरिअरला पाच-सहा कणसं. मी कणसांकडं बघितलं तर म्हणाला, "मेव्हण्यानं दिली. म्हणाला, दाजी, सारखं सारखं येता, रिकामं कसं पाठवू?" बोलचाल सुरू झाली होती म्हणायची.

दिवेलागणीला घरी पोचलो. त्यानं हातपाय धुतले, वहिनीच्या मानेखाली हात घातला आणि चमच्यानं पाणी दिलं. तिनं ते तोंडात धरलं. डोळे मिटले. शेतांच्या बांधावर बन्सी मिटतो, अगदी तसेच. तेव्हा मला कळलं, की ही खोड मुळात कुणाची.

घोट गिळला. मग ती म्हणाली, "पाल्याचा आंबूसपणा नाय लागत. चिंच हाय ना हो?"

बन्सीला खोटं बोलता येत नाय. तो चमचा पुसायला लागला. पुसलेलाच परत पुसायला लागला.

मी कधी कुणासाठी खोटं बोललो नव्हतो. म्हटलं, "हाय की. तिच्याच सावलीत आम्ही भाकरी खाल्ली."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. त्याच्या पिंडऱ्या अजून थरथरत होत्या.

"मग?" त्यानं विचारलं. "पक्का निकाल?"

"साडेनऊ."

एवढे गुण कुठल्या पाण्याला पडल्याचं माझ्या ऐकण्यात नव्हतं. बन्सीचा चेहरा उजळला. माझ्यानं राहवलं नाय. मी विचारलं, "वहिनी, अर्धा कशाचा कापला?"

तिनं बन्सीच्या हातावर हात ठेवला.

"चिंचेचा," म्हणाली.