बन्सीधरचं भाकीत

"खरं सांगा, कोण पडायचंय? माझा भाऊ का तुमच्या गावचा तो अंगद?" भाकरी तव्यावर टाकायच्या आधी मनकर्णेनं विचारलं आणि बन्सीधर शिंप्याची भूक मेली.

जत्रेला दोनच दिवस उरले होते. वालूरच्या फडात शेवटची कुस्ती अंगद आणि पालमच्या सटवाजीची ठरली होती. सहा वर्षांपूर्वी, निजामाच्या अमलात, ही दोघं कोवळी पोरं याच फडात शेवटच्या जोडीला लढली होती आणि सटवाजीनं अंगदला चीत केलं होतं. आता दोघंही अडीच-अडीच मणांचे नामी पैलवान झाले होते. सटवाजी मनकर्णेचा भाऊ. शिंप्याच्या घरात जन्मून सुई सोडून मुद्गल धरलेला.

शेवटच्या जोडीचे लंगोट गावच्या शिंप्यानं शिवायचे आणि आदल्या दिवशी मारुतीच्या पायाशी ठेवायचे, अशी वालूरची रीत. मागच्या वेळी माप घेता घेता बन्सीधर सटवाजीला म्हणाला होता, "तूच पाडणार बघ." यात विद्या कसलीच नव्हती. सटवाजीची बहीण मनात भरली होती, म्हणून भावी मेहुण्याला लोणी लावलं इतकंच. पण बोल खरा ठरला. बायको मिळाली आणि वर 'बन्सीधर कंबरेच्या मापावरून निकाल सांगतो' अशी कीर्तीही मिळाली. ती कीर्ती आता गळ्याशी आली होती.

"तुझाच भाऊ जिंकतोय," तो म्हणाला, तेव्हा कुठं भाकरी तव्यावर पडली.

दुपारी अंगद माप द्यायला आला. "बन्सीदादा, औंदा तरी माझं हाय का न्हाई? मागच्या टायमाची बेइज्जती अजून जात न्हाई बघा."

एवढा आडदांड गडी रडवेला झालेला पाहून बन्सीधरला गलबलून आलं. "तूच रे, तूच," तो बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगदची आई कासाबाई आणि मनकर्णा एकाच वेळी आडावर गेल्या. तिथं दोघींनीही आपापलं भाकीत मोठ्या अभिमानानं सांगितलं. घागरी भरायच्या आत गावभर झालं आणि तिसऱ्या प्रहरी व्यंकटराव पाटील स्वतः ओट्यावर हजर झाले. बन्सीधर तेव्हा मशिनीवर दुसरा लंगोट शिवत होता.

"दोन दोन जबानी चालायच्या न्हाईत, बन्सीधर. काय ते कागदावर लिव्ह. चिठ्ठी मारुतीपुढं नारळाखाली राहील. कुस्ती झाली का फडात वाचायची. खोटी निघाली तर लग्नसराईचं समदं कापड सेलूच्या शिंप्याकडं जाईल, सांगून ठिवतो."

लग्नसराई म्हणजे बन्सीधरचं वर्षाचं पोट. अंगदचं नाव लिहावं तर चूल विझणार, सटवाजीचं लिहावं तर गाव उलटणार. शेवटी त्यानं लिहिलं, 'कुणीच पडणार नाही.' पाटलांनी चिठ्ठी आणि दोन्ही लंगोट उचलले आणि ते देवळाकडं गेले.

कुस्ती लागली तेव्हा बन्सीधर पाटलांशेजारी मारुतीचा धावा करत बसला होता. अर्धा तास झाला, कुणी हटेना. त्याच्या जिवात जीव येऊ लागला. तेवढ्यात सटवाजीनं अंगदच्या कंबरेचा पट्टा धरला आणि बन्सीधरला एकदम आठवलं. दुसऱ्या लंगोटाचा पट्टा नुसता कच्च्या दोऱ्यानं टाचला होता. मशीन मारायच्या वेळीच पाटील आले होते!

दोन्ही लंगोट एकाच लाल कापडाचे. कच्चा कुणाच्या अंगावर आहे?

"काय रं, थरथरायलास कशाला?" पाटलांनी विचारलं.

"थंडी वाजायलीय," चैत्राच्या उन्हात बन्सीधर म्हणाला.

आणि टर्रकन आवाज झाला. अंगदनं डाव सोडून दोन्ही हातांनी कंबर धरली. सटवाजीनंच पुढं होऊन त्याला आपल्या अंगाआड घेतलं. कुणीतरी धोतर फेकलं. दोन्ही हात कंबरेला गुंतलेला गडी लढणार कसा? पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली.

चिठ्ठी वाचली गेली. फडात टोप्या उडाल्या. पण पाटलांनी खाली पडलेला पट्टा उचलून डोळ्यांजवळ नेला होता.

पाच मिनिटांत सारा फड बन्सीधरला धरून त्याच्या ओट्यापुढं आला. पाटलांनी पट्टा नाचवला. "ह्यो टाका कच्चा कामून? चिठ्ठी खरी करायला मुद्दाम ठिवलास का न्हाई?"

अंगद धोतर सावरत दात-ओठ खात उभा होता. बन्सीधरनं मुद्दाम म्हणावं तर तो लबाड ठरणार, चुकून म्हणावं तर शिंपीपण जाणार.

तेवढ्यात मनकर्णा एक फाटकी चोळी घेऊन बाहेर आली. "मुद्दाम करायची अक्कल असती तर काय पायजे होतं? ह्यायची शिवण हाय अशीच. घरच्या बायकोची चोळी टिकंना, तिथं पैलवानाच्या लंगोटाचं काय घेऊन बसलाव?"

गर्दीत हशा पिकला. अंगदलाही हसू फुटलं. ती चोळी सकाळपर्यंत धड होती, हे फक्त बन्सीधरला ठाऊक होतं.

गावानं ताडलं, म्हणजे टाका चुकून राहिला. म्हणजे भाकीत अस्सल निघालं!

दुसऱ्या दिवशी ओट्यावर रांग लागली. कापड मात्र एकाच्याही हातात नव्हतं. पुढं धनगराची केवळाबाई गाभण बकरी घेऊन उभी होती.

"बन्सीधर, जरा पट्टी लाव हिच्या पोटाला. पिलू पाट व्हईल का बोकड?"

बन्सीधरनं बकरीकडं पाहिलं, केवळाबाईच्या हातातल्या काठीकडं पाहिलं.

"दोन्ही," तो म्हणाला.

आठव्या दिवशी बकरी व्याली. एक पाट, एक बोकड.

तेव्हापासून मशिनीवर मनकर्णा बसते. शिंप्याचीच लेक ती, तिची शिवण उसवत नाही, म्हणून लग्नसराईचं कापड गावातच राहिलं. आणि बन्सीधर बाहेर ओट्यावर गळ्यात पट्टी अडकवून, जीव मुठीत धरून, पुढचं गिऱ्हाईक काय विचारतं याची वाट पाहतो.