तारिफेवर भाजलेली रोटी

पालथ्या माठावर लांब रोटी टाकावी तर मीच! हे मी सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. आमच्या पिपरी मेघे गावात सगळे कौतुक करतात ते माझ्या धाकट्या जावेचं, काजलचं. तिची रोटी म्हणे मलमल! ऐकलं की माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

आमच्या बचत गटाचा वर्ध्याच्या खाद्य महोत्सवात स्टॉल लागणार होता. उत्तम रोटीला बक्षीस, तेही स्टेजवर नाव पुकारून! मला ते हवंच होतं. मोबाइलवर एक बाई सांगत होत्या, आपलं काम कोणत्या परिस्थितीत सर्वांत चांगलं होतं ते शोधा. मी लगेच शोधलं! काजल रोट्या करते तेव्हा घर शांत असतं. मी बसले की टीव्ही, कुकर आणि सासूबाई एकदम बोलतात. म्हणजे मला हवी शांतता!

सरावासाठी टीव्ही बंद केला. सासूबाईंना शेजारी धाडलं, काजलला पुलगावला माहेरी. आमचे हे, म्हणजे प्रफुलराव, यांना तोंड उघडायची बंदी. पहिली रोटी हातावर ओढली, फाटली. दुसरीला एवढं भोक पडलं, की त्यातून हे दिसले.

"आता बोलू का?"

"नाई!"

तिसरी थेट चुलीत गेली.

तेवढ्यात गाडी चुकली म्हणून काजल परत आली! मागोमाग सासूबाई. माठाकडे बघून म्हणाल्या, "सुलोचना, हे काय करून राह्यली वं? काजलची रोटी पाय, आरपार दिसते!"

"अन् कोपराखाली लोंबते, पण फाटत नाई," हे म्हणाले. यांची बंदी कोणी उठवली होती?

माझ्या डोक्यात जाळ झाला. गोळा उचलला, हातांवर असा झुलवला, की रोटी अख्खा माठ झाकून खाली लोंबली!

"आई," मी म्हटलं, "आणखी बोला!"

तर मला शांतता नव्हे, जळफळाट मानवतो! मी यांना बजावलं, "स्टॉलवर काजलले माह्या बाजूले उभी करा, अन् तिची तारीफ करत राहा."

"तुले चालते?" यांना आनंद लपवता आला नाही.

महोत्सवात यांनी कुठून तरी माईकच मिळवला! "काजलसारखी रोटी जिल्ह्यात नाई!" काजल बिचारी नुसती ताटात वाढत होती. चुलीच्या धुरामागे मी जळत होते, आणि रोट्या उतरत होत्या पातळ, लांब, आरपार! रांग रस्त्यापर्यंत गेली. परीक्षक आले, खाल्लं, बोटं चाटली.

"काजलताई कोणत्या?"

यांनी बोटानं दाखवून दिली!

संध्याकाळी स्टेजवरून नाव पुकारलं. काजलताई!

"ताई, हे तुमचं आहे," रडवेली होऊन ती ट्रॉफी माझ्या हातात कोंबू लागली. खरं सांगते, तिच्या चांगुलपणाचा तर आणखीच राग आला.

"असू दे!" म्हटलं. तरातरा घरी आले आणि चूल पेटवली. काय रोट्या झाल्या त्या! जन्मात झाल्या नव्हत्या अशा! घरीच थांबलेल्या सासूबाईंच्या कानावर बक्षिसाची बातमी आली होती. मागून आलेल्या काजलनं वाढलेल्या ताटातला त्यांनी घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या,

"काजल, बाई, बक्षीस उगाच नाई भेटलं तुले!"