मास्तरांच्या आतड्याची ओळखपरेड

सन १९३८ च्या उन्हाळ्यात कामरगावच्या शाळेतले जगदेव मास्तर यांनी तीन महिन्यांच्या रजेचा अर्ज केला. दोन वर्षांपासून त्यांच्या मोठ्या आतड्याला सूज होती. दिवसातून दहादा परसाकडे जावं लागे, रक्त पडे. पोरांना ‘बे एके बे’ला लावून मास्तर जात, ‘बे दाहे वीस’ होऊन पोरं गप्प बसली तरी परतत नसत.

शाळाखात्याच्या कचेरीनं कळवलं, ‘आतडे शरीराच्या आत असल्याने आजाराची खात्री होत नाही. सबब आतड्याचा क्ष-किरण फोटो जोडावा.’

मास्तर बैलांच्या दमणीत बसून जिल्ह्याच्या गावी गेले. आदल्या दिवशी उपास, वर एरंडेल. दवाखान्यात नळीवाटे पांढरं औषध आतड्यात भरलं, कारण त्याशिवाय आतडं फोटोत उमटत नाही. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. “सूज आहे, जखमाही आहेत. घरी पडून राहा. तीन महिन्यांनी दुसरा फोटो काढू, म्हणजे कमी होतंय की वाढतंय ते कळेल.”

फोटो कचेरीत गेला. हेडक्लार्कांनी शेरा मारला, ‘फोटोत अर्जदाराचा चेहरा दिसत नाही. हे आतडे अर्जदाराचेच असल्याबद्दल पंचांचा दाखला घ्यावा.’

चावडीवर पंच जमले. बबनराव पाटलांनी फोटो उलटासुलटा करून पाहिला.

“मास्तर, हे तुमचंच काय?”

“माह्यंच हाय, पाटील.”

“कायच्यावरून?”

 तेवढ्यात मास्तरांना उठून परसाकडे जावं लागलं. अखेर किराणा दुकानदार नेमीचंद शेठ पुढं झाले. “वीस वरसं माह्या दुकानाचं खाऊन राह्यलं हे आतडं. मी नाही ओयखणार त कोन ओयखीन?”

हा पुरावा बिनतोड ठरला. सह्या झाल्या.

दाखल्यावर शिक्के बसेपर्यंत तीन महिने गेले. रजा मंजूर नसल्यानं मास्तर रोज शाळेत जात होते. मग फोटो शिळा झाल्याचं पत्र आलं. पुन्हा उपास, एरंडेल, आणि चिखलातून दमणी. दुसरा फोटो पाहून डॉक्टर चिडले. “वाढलंय! आजारानं आतड्याची वळणंसुद्धा पुसली गेलीत. पडून राहा म्हटलं होतं ना?”

कचेरीनं दोन्ही फोटो शेजारी ठेवले. ‘पहिल्या फोटोतील आतडे वळणावळणाचे, दुसऱ्यातील सरळ नळीसारखे. दोन्ही एकाच इसमाची असणे संभवत नाही. तोतयेगिरीबाबत समक्ष खुलासा करावा.’

सुनावणीला कचेरीत साहेबांपुढं मास्तरांची बायको कस्तुराबाई गेली. मास्तरांना दमणीतून उतरवत नव्हतं.

“सायेब, ते बाहीर पडून हायेत. हाडं राह्यली नुसती. एकडाव आपल्या डोयानं पाहून घ्या.”

“बाई, माणूस पाहून आजार ठरवायचे दिवस गेले,” साहेब शांतपणे म्हणाले. “शास्त्र पुढं गेलंय.”

त्यांनी दोन्ही फोटो खिडकीच्या काचेवर धरले. हेडक्लार्क आले, कारकून आले, चपराशीही आले. कोणी वळणं मोजली, कोणी फूटपट्टी लावली. खिडकीबाहेर दहा पावलांवर दमणी उभी होती. फोटो कोणी खाली घेतले नाहीत.

 कस्तुराबाई बाहेर येऊन गाडीवान सेवालालला म्हणाली, “हाक बाबा, घरी.”

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी राजीनामा लिहिला. तो मात्र फोटोशिवाय मंजूर झाला. आता अंथरुणात पडायला मोकळीक होती. भाताच्या पेजेवर कस्तुराबाईनं त्यांना सांभाळलं. संक्रांतीला ते काठी टेकत चावडीपर्यंत आले. नोकरी गेली होती, वजन पोराएवढं उरलं होतं.

लोकांनी त्यांना घेरलं. “मास्तर, मंग थे दुसरं आतडं कोनाचं निंघालं?”

तब्येत कशी आहे, हे कोणी विचारलं नाही. आणि तुम्हाला तरी, खरं सांगा, आत्ता कोणत्या उत्तराची उत्सुकता होती?